बसल्यावरची उंची

पट्टा मागे ओढायला हवा होता. तो खाली ओढत होता. फरक एवढाच, पण तो माझ्या खांद्यांना माझ्या आधी कळला. ट्रेव्हरनं माझ्या अंगावर वाकून बकल खटकन बसवलं, दोन्ही खांद्यांवरून येणारे पट्टे आवळले आणि दोन पावलं मागे जाऊन, भिंतीवरचा नकाशा सरळ लागलाय का हे वर्गात पाहायचा तसा मान तिरकी करून माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, खुर्चीच्या मागे कुणीतरी उभं आहे आणि दोन्ही तळवे माझ्या खांद्यांवर ठेवून मला गप्प बसवतंय. जोर फार नव्हता. पण गाडी अजून गॅरेजच्या फरशीवरच उभी होती, इंजिनसुद्धा चालू नव्हतं. उभ्या गाडीत जे तळव्याएवढं, ते धावती गाडी अचानक थांबल्यावर केवढं होईल, याचा हिशेब माझ्या डोक्यात आपोआप सुरू झाला. तो थांबवणं मला कधी जमलेलं नाही.

"कसं वाटतंय?" ट्रेव्हर म्हणाला.

"खाली ओढतोय."

"अगं, घट्ट हवाच तो."

"घट्टपणाबद्दल नाही म्हणत मी. दिशेबद्दल म्हणतेय."

"दिशा!" तो हसला. जन्मभर मुलांना भूगोल शिकवलेला माणूस. "दिशा एकच, हेझल. उद्या सकाळी कॉट्सवोल्डच्या टेकड्या. सगळ्या मोटार क्लबापुढे आपली गाडी, शेजारी तू, आणि वर पोचल्यावर बेकन सँडविच."

गॅरेजचं दार अर्धं वर होतं. शेजारी कुणीतरी गवत कापत होतं आणि तो ओला हिरवा वास आत येऊन पेट्रोलच्या नि रंगाच्या वासात मिसळत होता. माझ्या पोटावरच्या बकलचं थंड लोखंड ब्लाउजमधून लागत होतं. आमच्या या शहरात एकेकाळी मोटारींचे कारखाने गल्लोगल्ली होते. कारखाने गेले, पण ती सवय माणसांत उतरली असावी. निवृत्त झालेल्या पुरुषांपैकी निम्म्यांच्या गॅरेजमध्ये अर्धवट मोटार असते आणि निम्म्यांच्या बायकांना ती पुरी होईल असं वाटत नसतं. आमची पुरी झाली. एका म्हाताऱ्या, गंजलेल्या सेडानचं पोट फाडून तिचं इंजिन, चाकं, स्टिअरिंग काढलं. लोखंडी नळ्यांचा सांगाडा ट्रेव्हरनं स्वतः जोडला. वर ॲल्युमिनियमचा पत्रा. दारं नाहीत, छप्पर नाही, दोन माणसं जमिनीपासून वीतभर उंचीवर पाय पसरून बसतील एवढीच जागा. ती बांधायच्या वर्षांत गिअरबॉक्स जेवणाच्या टेबलाखाली राहिला, आणि मुलीच्या जुन्या खोलीत बॉनेट, दुलई पांघरून. मी त्याबद्दल काही बोलले नाही. माणसाला काहीतरी हवं असतं, आणि ट्रेव्हरला इतकं मनापासून हवं असलेलं मी दुसरं काही पाहिलं नव्हतं.

सीटच्या बाबतीत मात्र बोलले. मी नोकरीभर धातूचे तुकडे ताणून तोडले. गिऱ्हाईक नमुना पाठवी, आम्ही तो यंत्राच्या दोन जबड्यांत धरून तुटेपर्यंत ओढत असू आणि किती जोराला, कुठे, कसा तुटला ते लिहीत असू. तुटण्याच्या आधी धातूला जणू मान फुटते. तो मध्येच बारीक होतो. ते दिसलं की मी यंत्रापासून मागे सरत असे. त्यामुळे ट्रेव्हरनं सीट नुसत्या तळाच्या पातळ पत्र्याला भोकं पाडून बोल्टनं बसवल्या, तेव्हा मी त्याला म्हटलं, पत्रा फाटेल. तो म्हणाला, मोठे वॉशर लावलेत. मी माझा हिवाळी कोट आणून दाखवला. जाड लोकरीच्या कोटाला मोठं बटण शिवतात तेव्हा आतल्या बाजूला एक छोटं बटण असतं, का? ताण कापडावर येऊ नये म्हणून. तुझा पत्रा म्हणजे कोट नाही, रुमाल आहे. बोल्ट नळ्यांच्या सांगाड्यापर्यंत जायला हवेत, आणि जिथे नळी नाही तिथे खालून जाड पोलादी पट्टी हवी. तो "हं" म्हणाला. काही आठवड्यांनी चहा पिताना मला सांगू लागला, "इंटरनेटवर कुणीतरी फार छान मुद्दा काढलाय, सीटचे बोल्ट म्हणे थेट सांगाड्याला हवेत." मी म्हटलं, "हो का?" त्यानं पट्ट्या बसवल्या, बोल्ट सांगाड्यात घेतले, फार नीट काम केलं. तो इंटरनेटवरचा माणूस हुशार आहे असं मला दोनदा सांगितलं.

तेव्हा आता मी पट्ट्याखाली हात घालून माझा खांदा चाचपला. मग मागे, जिथे पट्टा सीटच्या पाठीमागच्या नळीला अडकवलेला होता, तिथे बोटं नेली. माझ्या खांद्याहून ती जागा चांगली चार बोटं खाली होती. म्हणजे पट्टा खांद्यावर चढून पलीकडे खाली उतरत होता, खुंटीवरून दोरी उतरावी तसा. गाडी थांबली की अंग पुढे जाणार, पट्टा आवळणार, आणि माणसाला मागे धरण्याऐवजी त्याचे खांदे बुडाकडे दाबणार. पाठीचा कणा म्हणजे एकावर एक रचलेल्या कपबशा. पुढेमागे थोड्या हलल्या तर निभावतं. वरून ठोसा बसला तर तडा जातो.

"ट्रेव्हर, ही जागा माझ्या खांद्याच्या खाली आहे."

"अगं, पण तपासणीत पास झालीय ना गाडी!"

पास झालीय. गेल्या आठवड्यापासून घरात हा शब्द एखाद्या पाहुण्यासारखा राहत होता. चहा सांडला, पास झालीय. पाऊस येईल, पास झालीय. घरी बांधलेली गाडी रस्त्यावर आणण्याआधी सरकारी तपासनीस ती टोकापासून टोकापर्यंत पाहतो, आणि त्याच्यासाठी क्लबातले लोक गाडी सजवतात. धारदार कडांना रबराची किनार चिकटवतात, नको असलेले मोठे आरसे लावतात, आणि पास होऊन घरी आल्यावर त्याच संध्याकाळी सगळं ओरबाडून काढतात. शाळेच्या फाटकापर्यंत टाय आणि फाटकाबाहेर तो खिशात, तसं. यावर सगळे हसतात. मीही हसले होते. सीटचंही तेच असतं हे मला ठाऊक नव्हतं. खांद्याचा पट्टा जिथे अडकवतात ती जागा सीटपासून ठरावीक उंचीवर असावी लागते. आमच्या गाडीत ती कमी भरत होती. वर नवी नळी जोडायची तर मागचा रंगवलेला पत्रा कापावा लागला असता. त्याऐवजी क्लबाकडे पातळ, फळीसारख्या दोन सीट आहेत. खानदानात बाप्तिस्म्याचा एकच झगा एका बाळाच्या अंगावरून दुसऱ्याच्या अंगावर जावा, तशा त्या घरोघर फिरतात. त्या एका सकाळपुरत्या बसवायच्या. बसायची जागा खाली गेली की वरची उंची आपोआप भरते. तपासनीस माप घेतो, सही करतो, माणूस घरी येतो आणि आपल्या जाड मऊ सीट परत घालतो.

"गाडी पास झाली," मी म्हटलं. "ही सीट नाही झाली. जी तपासली ती वेगळी आणि जी वापरतोस ती वेगळी. आमच्याकडे कामावर असं कुणी केलं असतं तर त्याला दुसऱ्या दिवशी आत घेतलं नसतं."

"तुमच्याकडे," ट्रेव्हर म्हणाला, "चहाचे कपसुद्धा बशीच्या मध्यावर ठेवायचे."

तेवढ्यात दाराखालून वाकून डग आत आला. डग पार्जेटर क्लबाचा चिटणीस. जन्मभर गालिचे विकून निवृत्त झालेला, बुटका, रुंद, कुणाच्याही घरात शिरून फरशी न्याहाळणारा. तपासणीच्या सीट न्यायला आला होता. आता त्या रग्बी गावातल्या कुणाकडे जायच्या होत्या. मला गाडीत बांधलेली बघून त्यानं टोपी काढली.

"वा! राणीसाहेब सिंहासनावर. काय, आवडलं का माझं बूड?"

मला आधी कळलं नाही. मग ट्रेव्हरच्या मानेवर चढणारी लाली दिसली.

या जाड सीट साच्याच्या असतात. काळ्या कचऱ्याच्या पिशवीत दोन डब्यांतली द्रव्यं मिसळून ओततात, पिशवी गाडीत ठेवतात आणि तिच्यावर माणूस बसतो. आतला फोम गरम होत फुगतो, कंबरेच्या खळग्यात, मांडीखाली, बरगडीला जाऊन भिडतो आणि घट्ट होतो. हलायचं नाही. मग त्या माणसाचा आकार कायमचा राहतो. मला वाटत होतं ट्रेव्हर माझ्यासाठी थांबलाय. मी बहिणीकडे श्रूझबरीला गेले होते.

"डब्यांची मुदत संपत होती गं," ट्रेव्हर म्हणाला. "आणि डग इथेच होता."

"मी नेहमीच इथे असतो," डग म्हणाला. "बायको म्हणते, देवानं तुला जिभेशिवाय दुसरं काही धड दिलं नाही. मी म्हटलं, थांब, माझं बूड आता इतिहासात गेलंय."

"आणि पट्टा तुला नीट बसला?" मी विचारलं.

"एकदम! कोटासारखा. का, काय झालं?"

"तिला जरा उंच वाटतंय," ट्रेव्हर म्हणाला.

"मला उंच वाटत नाहीये. मी उंच आहे."

दोघांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. डग पाच फूट चार असेल. मी आणि तो उभे असलो की सारखेच.

"अगं, मग थोडी रेल ना," ट्रेव्हर म्हणाला. "तू नेहमी छडी गिळल्यासारखी बसतेस. स्पोर्ट्सकार आहे ही, चर्च नाही. अशी, थोडी खाली घसरून."

मी बकल फिरवलं. पट्टे सुटले आणि माझे खांदे आपोआप वर आले. किती दाबले गेले होते ते सुटल्यावर कळलं. बाहेर पडायला दार नसल्यामुळे आधी सीटवर उभं राहायचं आणि मग एक पाय पलीकडे टाकायचा. मी डगच्या साच्यावर चपलांसकट उभी राहिले आणि चहा करायला आत गेले.

किटली उकळेपर्यंत मी जिन्याजवळ उभी राहिले. तिथे आमच्या लग्नाचा फोटो आहे. माझे पाय आखूड आणि धड लांब, ट्रेव्हरचं उलट. उभे असताना तो माझ्याहून वीतभर उंच, बसल्यावर मी त्याच्याहून उंच. आमच्या संसारातलं हे सगळ्यात सहज मोजता येणारं सत्य आहे आणि ते त्याच्या कधी लक्षात राहिलेलं नाही. नाटकाला गेलं की मागचे लोक माझ्या खांद्याला हात लावून विनवतात, त्याच्या नाही. तो म्हणतो, लोकांना हल्ली सभ्यता नाही. फोटोत आम्ही चर्चबाहेरच्या बाकावर बसलोय. फोटोग्राफरनं कॅमेऱ्यामागून डोकं काढलं, नवऱ्याकडून नवरीकडे पाहिलं, काही न बोलता आत जाऊन गुडघे टेकायची भरतकामाची उशी आणली आणि ट्रेव्हरच्या खाली सरकवली. सगळे हसले, ट्रेव्हर सगळ्यात मोठ्यानं. फोटोत उशी दिसत नाही. फोटोत तो माझ्याहून दोन बोटं उंच आहे, आणि जिना चढताना कधीकधी थांबून म्हणतो, काय रुबाबदार होतो ना मी. तो खोटं बोलत नाही. त्याच्या आठवणीत उशी नाहीच. स्वयंपाकघरातली फडताळं त्यानं बसवली, ती त्याच्या हाताच्या उंचीवर. मी स्टुलावर चढते. बागेतलं बाक त्यानं केलं, त्याचे पाय टेकतील असं, माझे लोंबतात. मी कधी म्हटलं नाही, कारण प्रत्येक गोष्ट एकेकटी पाहिली तर क्षुल्लक होती. क्षुल्लक गोष्टी ताणल्या जातात तेव्हा बराच वेळ काहीच दिसत नाही.

आणि मला थोडी रेल म्हणतो. माझी आई मला सरळ बस म्हणायची. आईची लहान हिरवी मॉरिस होती, आणि तेव्हा पट्टे नव्हतेच. मी पुढच्या सीटवर तिच्या डाव्या हाताला बसायची. ब्रेक लावायची वेळ आली की ब्रेकच्याही आधी तिचा डावा हात माझ्या छातीवर येऊन आपटायचा, आडवा. लोकरीची खरखरीत बाही, तिच्यातला टाल्कम पावडरचा वास, घड्याळाचा पट्टा गळ्याला टोचायचा. त्या हातानं खरं तर काही अडलं नसतं. आज मी आकडे मांडून सांगू शकते की अडलं नसतं. पण तो हात मला मागे दाबायचा. मागे, सीटकडे. खाली नाही. एका बाईला, जिनं विज्ञानाचं पान उघडलं नव्हतं, दिशा बरोबर ठाऊक होती.

मी चहा घेऊन गेले तेव्हा डग सीट काखेत मारून निघाला होता. "रेलून बघ, हेझल," तो म्हणाला. "आमच्याकडे सगळ्या बायका रेलतात." ट्रेव्हर कप हातात घेऊन बॉनेटवरचा डाग पुसत होता. तो वर न बघता म्हणाला, अगदी साधेपणानं, आणि मला वाटतं प्रेमानं, "हे बघ, तुला इतका त्रास होत असेल तर तू उद्या नको येऊस. मी एकटा जातो. त्यात काय."

त्यात काय. मी कप खाली ठेवला. बशीच्या मध्यावर. मला राग आला तो मला टाकून जाण्याचा नव्हता. फोम कापणं, नळी जोडणं, नुसतं एकदा मोजपट्टी धरणं, या सगळ्याहून मला घरी ठेवणं त्याला सोपं दिसलं. आणि पुढच्या रविवारी ती जागा कुणाची तरी असणार होती. मुलगी लीड्सहून येणार होती. तिचं धड माझ्यावर गेलंय.

मी आत जाऊन सोफ्यावरची उशी आणली. जाड, पिसांची नव्हे, घट्ट भरलेली.

"बस," मी म्हटलं.

"कुठे?"

"डगवर."

तो हसत हसत आत उतरला. "चला, आज मी पाहुणा." मी त्याला उठायला लावून उशी खाली सारली. तो बसला आणि त्याचं डोकं वर आलं, जिथे मघाशी माझं होतं. तो समोर पाहून खूश झाला. "अरे वा, इथून बॉनेट पुरतं दिसतं. तुला असं दिसतं?" मी बकल लावलं. मग मागे जाऊन, सीटच्या पाठीवर गुडघा टेकवून, दोन्ही पट्टे धरून ओढले. यंत्रावर नमुना लावताना करायचे तसं हळूहळू, सारख्या वेगानं.

"घट्ट हवाच," तो म्हणाला.

मी अजून ओढले.

"बरं. कळलं."

मी अजून ओढले. त्याचे खांदे कानांपासून दूर गेले. मान पुढे आली. पाठीच्या वरच्या भागात शर्टाला एक आडवी सुरकुती पडली आणि तिथे तो बारीक झालेला मला दिसला. मी थांबले, पण सोडलं नाही. शेजारचं गवत कापणं बंद झालं होतं.

"हेझल," तो म्हणाला. आवाज छातीतून न येता गळ्यातूनच आला. "सोड."

"गाडी उभी आहे, ट्रेव्हर. मी बासष्ट वर्षांची बाई आहे आणि नुसत्या हातांनी ओढतेय."

मी सोडलं. तो लगेच उठला नाही. एक हात मागे नेऊन त्यानं पट्टा अडकवलेली जागा चाचपली, मग खांदा, मग पुन्हा ती जागा. उशी काढून मांडीवर घेतली आणि तिच्याकडे बघत राहिला. मला वाटलं, आता त्याला चर्चबाहेरचं बाक आठवेल. तो म्हणाला, "ही सोफ्यावरची ना? हिला ग्रीस लागलं बघ." आणि उठून आत गेला. संध्याकाळभर टीव्हीवर कुणीतरी जुनी घरं लिलावात विकत होतं आणि तो ते लक्ष देऊन पाहत होता.

सकाळी मी ब्रेड कापायला गेले तर सुरी जागेवर नव्हती. लांब, दाताळ सुरी, लग्नातली भेट. खणात नाही, सिंकमध्ये नाही. खिडकीतून रस्त्यावर हॉर्न ऐकू आले. क्लबाच्या गाड्या आमच्या घरावरून रांगेनं चालल्या होत्या, लाल, पिवळ्या, डगची हिरवी सगळ्यात पुढे. डगनं थांबून दोनदा वाजवला, हात वर केला, मग तोही गेला. मी ड्रेसिंग गाऊनवरच गॅरेजमध्ये गेले.

ट्रेव्हर फरशीवर गुडघे टेकून बसला होता. समोर सीट आडवी, आणि माझी सुरी तिच्या पोटात निम्मी घुसलेली. पिवळट फोमचा भुगा त्याच्या भुवयांत, कानात, चहाच्या कपात. त्यानं बाहेर जाणाऱ्या गाड्यांकडे पाहिलं नव्हतं, किंवा पाहून झालं होतं.

"माझी सुरी," मी म्हटलं.

"दुसरं काही कापत नाही याला. बस."

त्यानं सीट गाडीत ठेवली आणि मी गाऊन गोळा करून आत उतरले. त्यानं माझ्या खांद्यावर शाळेतली लाकडी फूटपट्टी धरली, दुसरं टोक मागच्या नळीकडे. तोंडानं काहीतरी पुटपुटला. "अजून." मी बाहेर आले. त्यानं कापलं. मी बसले. "अजून." पुन्हा बाहेर, पुन्हा आत. गुडघे दुखू लागले, गाऊनला भुगा चिकटला, आणि फूटपट्टीचं टोक दर वेळी माझ्या कानाला लागत होतं, आणि दर वेळी तो म्हणत होता, "हलू नकोस," जणू चूक माझ्या कानाची होती. तिसऱ्या का चौथ्या वेळी मी म्हटलं, "काल रात्री उंची मोजून घेतली असतीस तर एकदाच कापावं लागलं असतं." तो म्हणाला, "काल रात्री मी रागावलो होतो." मी म्हटलं, "माझ्यावर?" त्यानं सुरी पुसली. "नाही गं. डगवर." त्या उत्तरात पुष्कळ होतं, आणि पुरेसं नव्हतं.

शेवटी डग जवळजवळ संपला. बोटभर जाडीचा थर उरला, खाली थंड पत्रा, त्याच्या खाली ती पोलादी पट्टी. समोर बॉनेट माझ्या नाकापर्यंत आलं. ट्रेव्हरनं बकल लावलं, मागे गेला आणि पट्टे ओढले; काल मी ओढले होते तसेच, हळूहळू, सारख्या वेगानं. छातीवर एक आडवा, रुंद दाब आला आणि मी मागे गेले. मागे, सीटकडे. खांदे होते तिथेच राहिले.

तो फिरून समोर आला. फूटपट्टी हातात, भुवयांत भुगा, मान तिरकी. बराच वेळ पाहत राहिला. माझ्याकडून स्वतःच्या सीटकडे, स्वतःच्या सीटकडून माझ्याकडे.

"तू उंच आहेस," तो म्हणाला, ही बातमी असल्यासारखा. मग म्हणाला, "सरळ बस हं. अशीच."

"मी सरळच बसले होते," मी म्हटलं.